एमजीबी उघडण्याआधी

इंग्लंडात जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचायला लागलीस की एक मजकूर पुन्हा पुन्हा दिसेल: काम अर्धवट, मालकाला वेळ नाही, आहे तशी विकणे. बघायला गेलीस तर गॅरेजात चकचकीत रंगवलेली बॉडी, कोपऱ्यात इंजिन आणि भिंतीलगत खोक्यांची चळत. खोक्यांवर काही लिहिलेलं नसतं. मालक भला असतो, हौसही खरी असते. पहिल्या उन्हाळ्यात उत्साहाच्या भरात त्यानं सगळी गाडी सोडवलेली असते. मग नोकरी बदलते, घरात मूल येतं, कंबर धरते आणि कुठला बोल्ट कुठला ते डोक्यातून निघून जातं.

म्हणून भाचीबाई, बाकी काही विसरलीस तरी चालेल, पण गाडी एकदम पूर्ण उघडू नकोस. एका वेळी एक कोपरा. पुढचा डावा ब्रेक काढलास तर तो साफ करून, नवे भाग घालून, बसवून मगच उजव्याला हात लाव. यात दोन फायदे आहेत. एक म्हणजे डावी बाजू सुटी असताना उजवी बाजू हेच तुझं पुस्तक. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, वॉशर आत की बाहेर, पाइप कुठून वळतो, सगळं समोर जसंच्या तसं. दुसरं म्हणजे तुझी एमजीबी कायम चार चाकांवर उभी राहते. पाऊस आला तर आत ढकलता येते, वेल्डरकडे न्यायची तर ट्रेलरवर चढते, आणि मुख्य म्हणजे रविवारी चहा घेऊन तिच्याजवळ जावंसं वाटतं. खोक्यांजवळ कोणी जात नाही.

मला हे कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वस्तादांनी शिकवलं. त्यांनी आयुष्यात एमजी पाहिली नव्हती. पण त्यांच्या हाताखालून ॲम्बॅसडर गेल्या, आणि ॲम्बॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन हे इंग्लंडच्या बीएमसीच्या बी-सिरीज घराण्यातलं. तुझ्या गाडीचं १७९८ सीसीचं इंजिनही त्याच घराण्यातलं. इकडे येऊन मी पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलं तेव्हा टॅपेट कव्हरपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंत सगळं ओळखीचं निघालं. तेव्हा पुढे मी जे सांगतो त्यातलं इंजिनाचं बरंचसं वस्तादांचं आहे, आणि पत्र्याचं इकडच्या ओल्या हवेनं शिकवलेलं.

काढलेल्या वस्तूंबद्दल वस्तादांची एक सवय होती, ती उचल. बोल्ट काढला, भाग बाजूला केला, की तो बोल्ट ज्या भोकातून आला त्याच भोकात हातानं दोन आटे फिरवून ठेवायचा. डब्या लागत नाहीत, चिठ्ठ्या लागत नाहीत, लांबीचा घोळ होत नाही. जिथे ते जमत नाही तिथे पिशवी, आणि पिशवीत कागद. पिशवीवर मार्करनं लिहिलेलं तेलकट हातानं पुसलं जातं. मोबाइलवर फोटो तर काढच, पण वायर किंवा पाइप सोडवण्याआधी काढ. सोडवल्यावर काढलेल्या फोटोचा उपयोग शून्य.

पाने इंचाचे घे. तुझ्या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट युएनएफ आट्यांचे आहेत. सात सोळांश, अर्धा, नऊ सोळांश हे तीन पाने सतत हातात राहतील. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की नटाचे कोपरे गोल करून मोकळा होतो. लुकासच्या विजेच्या वस्तूंवर बीए मापाचे बारीक स्क्रू भेटतील. ते हरवले तर नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत. गंजलेला नट सोडताना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मार, सकाळी पुन्हा मार, आणि मग आधी किंचित आवळ. कट्ट असा बारीक आवाज आला की गंजाची पकड सुटली. तिथून मागे फिरव, अडला की पुन्हा थोडा पुढे. सरळ उलटा जोर लावणारे लोक बोल्ट तोडतात आणि मग अख्खी दुपार ड्रिल घेऊन बसतात. बसवताना आट्यांना तांब्याचं ग्रीस लाव, पुढच्या माणसाचे आशीर्वाद मिळतील. बहुतेक वेळा तो पुढचा माणूस तूच असतेस.

आता खरी गोष्ट. पत्रा.

एमजीबी १९६२ साली आली तेव्हा आधीच्या एमजीएच्या मानानं तिच्यात मोठा बदल होता. एमजीएला खाली वेगळी चासी होती. एमजीबीला नाही, तिची बॉडी हीच चासी. तुझी कापडी टपवाली, म्हणजे वर छताचा आधार नाही. पुढचं इंजिन आणि मागचा ॲक्सल यांच्यामध्ये गाडी मधोमध वाकायला बघते आणि तो सगळा भार दोन्ही दारांखालच्या पेट्यांवर येतो. त्यांना इकडे सिल म्हणतात. सिल बाहेरून एक साधा वाकवलेला पत्रा दिसतो. प्रत्यक्षात तिथे बाहेरची भिंत, आतली भिंत, दोघींच्या मध्ये उभा पडदा आणि खाली कॅसल रेल नावाची खाचाखाचांची पट्टी असते. काडेपेटीची आतली पेटी काढून घेतली की वरचं टरफल बोटानं मुडपतं, तसंच इथे. आतला पडदा गंजून गेला तर बाहेरचा पत्रा कितीही नवा असू दे, त्यात जीव नाही.

आणि गंज नेमका आतूनच येतो. पुढच्या चाकाच्या मागे मडगार्डच्या आत चिखल साठतो, वर्षानुवर्षं ओला राहतो आणि तिथून सिलच्या पुढच्या टोकात शिरतो. मागे दाराच्या खांबाखाली, मडगार्ड जिथे सिलला मिळतं तो कोपराही तसाच. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते या कामाला आणखी हातभार लावतं.

तपासायचं कसं? चुंबक घे, पातळ कापडात गुंडाळ म्हणजे रंगाला ओरखडा येणार नाही, आणि सिलच्या खालच्या कडेनं सावकाश फिरव. जिथे तो सुटतो तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग कार्पेट उचल, पायाशी फ्लोअर आणि सिल जिथे मिळतात तिथे जुन्या पेचकसाचं टोक दाबून बघ. चांगला पत्रा टणक लागतो, कुजलेला करकरतो. सीटमागची फळी उचलली की दोन बॅटऱ्यांचे कप्पे दिसतील. तुझ्या १९६९च्या गाडीत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून १२ व्होल्ट केलेले असतात. त्या कप्प्यांचे तळ ॲसिडनं आणि चिखलानं गेलेले असायचीच शक्यता जास्त. तिथून हात मागच्या पाट्यांच्या पुढच्या टोकापर्यंत ने. पाटा जिथे बॉडीला धरला आहे तिथे भोक असेल तर गाडी रस्त्यावर काढायची नाही, मग बाकी कितीही छान असो.

एक तपासणी मात्र कुणाच्याही गॅरेजात, विकत घेण्याआधीही करता येते. दार बंद कर. दाराच्या मागच्या कडेला वरपासून खालपर्यंत जी फट आहे ती बघ. ती सारखी असली पाहिजे. मग गाडी एका बाजूनं जॅकवर किंचित उचल आणि तीच फट पुन्हा बघ. वरच्या बाजूला फट मिटायला लागली, दार उघडताना घासायला लागलं, तर सिल गेली. विकणारा त्या वेळी हमखास बिजागऱ्यांबद्दल बोलायला लागतो. तू मान डोलव आणि फटीकडेच बघ.

इथली एक जुनी लबाडी सांगून ठेवतो. कुजलेली सिल कापायची नाही, तिच्यावरच नवा पत्रा ठोकून चारी बाजूंनी वेल्ड करायचा. बाहेरून सुरेख दिसतं. ओळखायचं असं: मूळ सिल पुढच्या मडगार्डच्या मागे आत जाते. वरून चढवलेला पत्रा मडगार्डच्या खालच्या कडेला येऊन थांबतो. कडेवर बोट फिरव, जाडी लागेल. असं दिसलं तर घाबरायचं कारण नाही, पण किंमत त्या हिशेबानं पाडून घ्यायची आणि काम मुळापासून करायचं हे धरून चालायचं. पुढचं मडगार्ड बोल्टवर आहे, निघतं. मागचं वेल्ड केलेलं, तिथे खालचा तुकडा कापावा लागतो.

सिल बदलताना घाईला थारा नाही. गाडी सपाट जमिनीवर, घोड्यांवर, पण घोड्या अशा ठेवायच्या की भार जवळपास चाकांच्या जागीच पडेल. मधोमध उचलून ठेवलीस तर बॉडी वाकलेल्या अवस्थेतच कायमची वेल्ड होईल, आणि मग जगातलं कुठलंच दार तिला बसणार नाही. टेकू फक्त जॅकचा कधीही नको, हे तुला सांगायला नकोच. दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी नळी आडवी वेल्ड करून घे. मग एका बाजूची सिल काप. दुसरीला ती पूर्ण होईपर्यंत बोट लावायचं नाही. नवा तुकडा लावला की क्लॅम्पवर धर, दार अडकव, बंद कर, फट बघ. टाके मार, पुन्हा दार लावून फट बघ. मग इंचाइंचाचं वेल्डिंग, एक इथे, पुढचं हातभर लांब, म्हणजे पत्रा तापून वेडावाकडा होत नाही. मी दार लावायला सांगतो तेव्हा लोक कंटाळतात, म्हणतात शेवटी एकदाच लावू. शेवटी लावतात तेव्हा ग्राइंडर पुन्हा बाहेर येतो.

वेल्डिंग आधी टाकाऊ पत्र्यावर शिक, गाडीवर नाही. पेट्रोलची टाकी गाडीतून काढून गॅरेजबाहेर ठेव. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. बॅटऱ्या सोडव, अल्टरनेटरच्या वायरी सोडव. कार्पेट, सीट, पत्र्याला चिकटवलेली डांबरी चटई, सगळं बाहेर. जवळ अग्निशामक आणि पाण्याची बादली, आणि काम संपल्यावर तासभर गॅरेज सोडायचं नाही. ठिणगी कापसात दडून बसते आणि तू जेवायला गेलीस की उठते. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरनं पुसलेल्या भागावर वेल्डिंग मुळीच करायचं नाही, त्याचा वायू जीव घेतो. तसंच कारखान्यानं बॉडीचे काही जोड शिशानं भरलेले असतात. ते घासून त्याची धूळ उडवायची नाही. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवा मारून साफ करू नकोस, ओल्या फडक्यानं पूस आणि फडकं पिशवीत बांधून टाक. आमच्या काळी ड्रम काढला की तोंडानं फुंकर मारायची पद्धत होती. ती आमच्याबरोबर जाऊ दे.

पत्र्याचे भाग एकदाच आणि चांगले घे. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळ साच्यांवर काढलेले भाग विकते, आणि १९८८पासून एमजीबीची अख्खी नवी बॉडीसुद्धा. स्वस्तातला तुकडा दिसायला तसाच असतो, पण त्याच्या कडा जुळवण्यात तुझे तास जातात. बॉडी फारच गेली असेल तर नवी बॉडी घेणं हिशेबात बसतं, हे खरं. मला ते विशेष रुचत नाही, पण तो माझा स्वभाव आहे. काम पूर्ण झाल्यावर सगळ्या पोकळ पेट्यांमध्ये लांब नळीनं मेण मार. उन्हाळ्याच्या दिवशी, गाडी ऊन खाऊन कोमट झालेली असताना. पाणी निघायची भोकं मेणानं बुजणार नाहीत एवढं बघ.

ब्रेकबद्दल मी फार बोलणार नाही, कारण इथे वाद नाही. रबराचं जे जे आहे ते सगळं नवं. वरून ठणठणीत दिसणारी ब्रेकची होज आतून फुगून बंद झालेली असते. पेडल दाबलं की ऑइल पुढे जातं, सोडलं की मागे येत नाही, आणि चाक धरून राहतं. लोक कॅलिपर बदलत बसतात. डॉट ४ ऑइल घाल, सिलिकॉनचं त्यात कधी मिसळू नकोस. ब्रेकचं ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलवटतो, तेव्हा शेजारी पाण्याची बाटली असू दे. हवा काढताना पेडलवर जावईबापूंना बसव. फक्त दोनच शब्द ठरवा, 'दाब' आणि 'सोड', आणि जास्तीचं बोलायचं नाही. एरवी गोड बोलणारी जोडपी या कामात भांडतात.

पुढच्या किंगपिनना ग्रीस मारताना चाक अधांतरी पाहिजे. गाडीचा भार असताना मारलेलं ग्रीस जिथे घर्षण होतं तिथे पोचतच नाही, बाजूनं बाहेर येतं. तारांची चाकं असतील तर ब्रेक दाबून धर आणि चाक हातानं पुढे-मागे हलव. टक्‌टक्‌ आवाज आला तर हबचे दाते झिजलेत. मधला मोठा नट तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीनंच ठोकायचा. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलटसुलट आहेत, हेही लक्षात ठेव.

वायरिंगला लोक फार भितात आणि लुकास कंपनीच्या नावानं विनोद करतात. पण इंग्लिश गाड्यांचे वायरींचे रंग एकदा पाठ झाले की गाडी तुझ्याशी बोलते. तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, फ्यूजविना, कायम जिवंत. तिच्याशी खेळायचं नाही. पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होते. हिरवी तीच, पण फ्यूजमधून पुढे गेलेली. जांभळी कायम जिवंत पण फ्यूज असलेली, हॉर्न वगैरे तिच्यावर. निळी मोठ्या दिव्यांची, लाल छोट्या दिव्यांची. हिरवीवर लाल रेघ म्हणजे डावा इंडिकेटर, हिरवीवर पांढरी म्हणजे उजवा, हिरवीवर जांभळी म्हणजे ब्रेकचा दिवा. काळी अर्थ. हा पाढा तोंडपाठ कर, मग नकाशा हातात न घेताही अर्धे दोष सापडतील.

आणि उरलेले अर्धे काळ्या वायरीत असतात. एक दिवा लावला की दुसरा मंद होतो, इंडिकेटरबरोबर मागचा दिवा लुकलुकतो, असलं भूत दिसलं की अर्थ शोध. बॉडीला जिथे वायर स्क्रूनं लावली आहे तिथला रंग खरवडून धातू उघडा कर, दात्यांचा वॉशर घाल, वरून व्हॅसलिन. नवा रंग मारून आणलेल्या गाडीचे दिवे लागत नाहीत याचं कारण हेच असतं, रंगाऱ्यानं अर्थच्या जागाही प्रेमानं रंगवलेल्या असतात. फ्यूजचीही एक खोच आहे. जुन्या लुकास फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं ते फ्यूज उडण्याचं माप. सतत चालायला तो १७ अँपिअरचा. आजच्या काचेच्या फ्यूजवर सतत चालण्याचं माप छापतात. तेव्हा ३५ वाचून आजचा ३५चा घातलास तर फ्यूजऐवजी वायर जळेल.

किल्ली फिरवल्यावर मागून टिकटिक ऐकू आली पाहिजे. तो एसयूचा पेट्रोल पंप. टिकटिक होऊन थांबली तर पेट्रोल भरलं. मुळीच झाली नाही तर पंपाला हातोडीच्या दांड्यानं हलकी टपली मार. चालू झाला तर त्याचे पॉइंट काळे पडलेत. टपलीवर गाडी घरी येते, पण पंपाला ते औषध नव्हे.

इंजिन. तुझं मन इथेच ओढ घेईल, म्हणून मी ते मागे ठेवलं. चालत असलेलं इंजिन उघडू नकोस. बरीच वर्षं उभं असेल तर आधी प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोड, रात्रभर मुरू दे, मग गिअर टाकून गाडी हातानं ढकल आणि इंजिन सावकाश फिरू दे. अडलं तर थांब, ऑइल घाल, पुन्हा रात्र जाऊ दे. जोर नको. मोकळं फिरलं की प्लग बाहेरच ठेवून स्टार्टर मार, काट्यावर ऑइलचा दाब दिसेपर्यंत. त्यानंतर कॉम्प्रेशन बघ. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास असतील तर नशीब काढलंस. एखादा खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघ. आकडा वर आला तर रिंगा गेल्यात, होता तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह. एवढ्या माहितीवर पुढचा खर्च ठरतो.

टॅपेट लावायला वस्तादांचा नवाचा हिशेब आहे, आणि इकडच्या कारागिरांनाही तोच माहीत असलेला पाहून मला गंमत वाटली. आठ व्हॉल्व्ह, पुढून एक ते आठ मोज. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे त्याचा आकडा नवातून वजा कर, जो उरेल तो लावायचा. आठवा उघडा तर पहिला लाव, सहावा उघडा तर तिसरा. थंड इंजिनावर फट १५ थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. फिलर गेज ओढताना किंचित चिकटला पाहिजे, अडता कामा नये. वस्ताद म्हणायचे, "पोरा, टॅपेट जरा वाजू दे. वाजणारा टॅपेट त्रास देतो, न वाजणारा व्हॉल्व्ह जाळतो." प्लगची फट २५ थाऊ, पॉइंटची १५च्या आसपास, फायरिंगचा क्रम एक-तीन-चार-दोन. ॲम्बॅसडरलाही हाच क्रम होता.

इंजिन कधी खाली उतरवलंच तर क्लचचं रिलीज बेअरिंग बदलूनच वर चढव. ते कार्बनचं आहे, झिजतं, आणि त्याच्या एकट्यासाठी पुन्हा इंजिन काढायचा प्रसंग वाईट. सिग्नलला क्लचवर पाय ठेवून उभं राहायची सवय असेल तर या गाडीत मोड. ऑइल २०-५० घाल, जुन्या गाड्यांसाठी जस्ताचं प्रमाण राखून बनवलेलं. फिल्टर बदलताना खोबणीत जुनं रबरी कडं चिकटून राहिलेलं असतं. सुईच्या टोकानं ते काढ. जुन्यावर नवं बसवलं की पहिल्या फेरीतच ऑइल रस्त्यावर.

दोन एसयू कार्बोरेटर हे या गाडीतलं माझं सगळ्यात आवडतं काम, आणि यालाच लोक सगळ्यात जास्त बिघडवतात. आधी बाकी सगळं नीट कर: टॅपेट, प्लग, पॉइंट, टायमिंग. कार्बोरेटर शेवटी. वरची घुमटी आणि आतला पिस्टन ही कारखान्यानं जुळवलेली जोडी असते. दोन्ही कार्बोरेटर एकदम उघडून टेबलावर मांडलेस तर अदलाबदल झालीच समज. घुमटी काढायच्या आधी तिच्यावर आणि बुडावर एक खूण कर. पिस्टन आणि घुमटी पेट्रोलनं पुसायची, पॉलिश पेपर लावायचा नाही. कोरडी बसवून पिस्टन बोटानं उचल आणि सोड. तो अलगद खाली येऊन ठप्प असा मऊ आवाज झाला पाहिजे. मध्ये अडला तर जेट मधोमध नाही. मग वरच्या नळीत हलकं ऑइल. ते नसलं की गाडी ॲक्सिलरेटर दाबल्यावर अडखळते आणि लोक जेट बदलायला निघतात.

जेटचा नट वरपर्यंत नेऊन तिथून बारा पैलू, म्हणजे दोन फेरे खाली घे. दोन्हींचा सारखा. ही सुरुवात. इंजिन गरम कर. दोन्ही कार्बोरेटर जोडणारी दांडी सैल कर, म्हणजे दोघं स्वतंत्र होतात. आता हातभर रबरी नळी घे, एक टोक कानात, दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी. सुऽऽ असा आवाज येईल. मग दुसऱ्याशी, नळी तेवढ्याच अंतरावर, त्याच जागी. ज्याचा आवाज मोठा तो जास्त हवा ओढतोय. थ्रॉटलचा स्क्रू चिमूटभर फिरव, पुन्हा ऐक. दोन्ही एकाच सुरात आले की दांडी आवळ. याची यंत्रं मिळतात, पण कान पुरतो. पुढची पायरी मिश्रणाची. बाजूची छोटी पिन दाबून पिस्टन अगदी केसभर उचल. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, नट वर घे. इंजिन बसायला लागलं तर कमी आहे, खाली घे. क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आलं तर हात काढून घे आणि पुन्हा लावू नकोस. शेवटचं वाक्य जास्त महत्त्वाचं. चालणाऱ्या कार्बोरेटरला "जरा अजून" करणाऱ्यांनी किती संध्याकाळी घालवल्या असतील.

पेट्रोल पंपावर ई१०चं पेट्रोल सप्टेंबर २०२१पासून आलं. त्यातलं इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि पाणी ओढतं. सुपरच्या नळाला ई५ मिळतं, तेच घाल, आणि पाइप इथेनॉल सोसणारे बसव. शिशाचं पेट्रोल इथे २०००पासून बंद झालं. हेड कधी लेथवाल्याकडे गेलंच तर एक्झॉस्टच्या सीट कडक धातूच्या बसवून घे. पण तेवढ्यासाठी चांगलं हेड काढू नकोस.

रंग घरी करायचा हट्ट धरू नकोस. तयारी घरी कर, घासणं, प्रायमर, पुन्हा घासणं. शेवटचा फवारा रंगाऱ्याकडे. टू-पॅक रंगात आयसोसायनेट असतं. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, साध्या मास्कवर फुप्फुसं जातात. सीट, कार्पेट, टप यांचे तयार संच मिळतात, त्यात शिकण्यासारखं फारसं नाही. टप मात्र उबदार दिवशी ताण, थंडीत ताणलेला टप कधी नीट बसत नाही. खर्चाची वही ठेव, पण बेरीज करू नकोस.

कागदपत्रांचं थोडक्यात. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स लागत नाही, आणि मे २०१८पासून, गाडीत मोठा फेरफार नसेल तर, एमओटी ही वार्षिक तपासणीही माफ आहे. तरी तू दर वर्षी एमओटी करून घे. गाडी लिफ्टवर चढते, परका माणूस टॉर्च घेऊन खालून बघतो, आणि त्याला तुझ्या मेहनतीचं कौतुक नसतं, म्हणून तो खरं सांगतो. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या नोंदी आहेत. पैसे भरले की तुझी गाडी ॲबिंग्डनमधून कधी बाहेर पडली आणि मुळात कुठल्या रंगाची होती याचं प्रमाणपत्र मिळतं. रंग ठरवण्याआधी ते मागव.

आता पुढचं. या शनिवारी फक्त चुंबक आणि पेचकस घेऊन फिर, कुठे काय सापडलं ते वहीत लिही, फोटो मला पाठव. बॅटऱ्यांच्या कप्प्यांपासून सुरुवात केलीस तर बरं, काम लहान आहे आणि वेल्डिंगचा हात बसेल. सिल कापायच्या आदल्या दिवशी मात्र फोन कर. दाराच्या चौकटीत लावायच्या नळ्या माझ्याकडे मापाच्या कापलेल्या पडून आहेत, आणि जास्तीच्या दोन घोड्याही घेऊन येतो.